एक भिंत बाबांची

उन्हाळ्याच्या आधी मला त्याचा थकवा येतो. चैत्र अर्धा सरला नाही तोच कुरुद गावाच्या बाजूनं गरम वारा सुटतो, खिडकीच्या जाळीत लाल धूळ अडकते आणि मी ओलं फडकं घेऊन भिंतीसमोर उभी राहते. माझ्या भिंतींवर फार पसारा आहे. बांगड्यांची तोरणं, मोरपिसं, जुन्या लुगड्यांचे काठ, पितळी ताटल्या, पोरांनी शाळेत केलेले मुखवटे. एकेक उतरवा, पुसा, पुन्हा लावा. अर्धी भिंत झाली की गुडघे नको म्हणतात आणि मी खुर्चीवर बसून उरलेल्या अर्ध्या भिंतीकडे नुसती बघत राहते.

परवा नातीचा फोन आला. शलाकानं रायपूरला नवा फ्लॅट घेतला आहे. "आजी, दीवारें एकदम खाली-खाली लगती हैं. मला तुझ्यासारखं भरलेलं घर पाहिजे. आजकाल तेच चालू आहे, जेवढं जास्त तेवढं छान. पण सुरुवात कुठून करायची गं?"

"नंतर सांगते," म्हटलं, आणि पंख्याखाली पडून राहिले. सुरुवात कुठून होते ते मला ठाऊक आहे. पण तो सगळा उन्हाळा सांगायला बसायचं म्हणजे आधी दम धरायला हवा.

सुरुवात माझ्या हरवण्यापासून झाली.

तेव्हा भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली होती आणि पुढच्यांचं काम जोरात चालू होतं. बाबा भट्टीवर होते. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावातून ते आम्हाला मागे ठेवून आधी आले, पत्र्याच्या कॅम्पात राहिले, आणि क्वार्टर मिळाल्यावर मायला अन् मला घेऊन आले. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे भिंतीनं वेढलेलं छोटं अंगण, त्यात नळ. माय पहिले काही दिवस तो नळ उघडायची आणि बंद करायची, पुन्हा उघडायची. गावात विहिरीवर आम्हाला वरून पाणी वाढत. इथे पाणी आपल्या अंगणात येत होतं आणि कोणी विचारत नव्हतं की तुम्ही कोण.

पण क्वार्टरच्या भिंती पांढऱ्याफटक होत्या. गावातल्या घराच्या कोनाड्यात पूर्वी देव होते, दीक्षा घेतल्यावर ते उतरवले. इथे मायनं बुद्धाची एक छोटी तसबीर लावली. बाकी सगळ्या भिंती दुपारभर तिच्याकडे बघत राहायच्या. बाहेर यावं तर तिथेही तेच. ओळीमागून ओळ, सगळी क्वार्टरं एका साच्यातली. तेच दार, तीच खिडकी, तीच ओसरी. झाड नाही, झुडूप नाही. नुसता मुरूम, आणि त्यावर नाचणारं ऊन. बाबा एकदा पाळी संपवून आले ते थेट शेजारच्या तेलुगू कुटुंबाच्या खोलीत जाऊन खाटेवर बसले. त्या बाईनं हसू दाबून त्यांना पाणी दिलं म्हणे.

मी सात वर्षांची असेन. शाळा सकाळची होती. एक दिवस मैत्रिणीचा नाद धरून तिच्या ओळीपर्यंत गेले आणि परत निघाले ती चुकलेच. लू सुरू झाली होती. तोंडावर भट्टीचं दार उघडावं तसा वारा. मी एका दाराशी गेले, आतून अनोळखी बाई आली. दुसऱ्या दारी गेले, तिथे कुलूप. मग मी पळत सुटले आणि प्रत्येक ओळ मागच्या ओळीसारखीच निघत गेली. पायाखालचा मुरूम भाजत होता. घसा इतका कोरडा पडला की रडायलासुद्धा आवाज निघेना. ती भीती अजून माझ्या अंगात आहे. आजही कुठल्या मोठ्या इमारतीच्या लांब बोळात सारखी दारं दिसली की माझा हात आपोआप भिंत धरतो.

नव्या ओळीचं बांधकाम चालू होतं तिथे एक बाई सावलीत बसून पाण्यातला शिळा भात कांद्यासोबत खात होती. डोक्यावर बांधकामाचा माल वाहून नेणारी मजूर. लुगडं गुडघ्यापर्यंत, हातावर गोंदण. तिनं मला जवळ ओढलं आणि आपल्या वाडग्यातलं आंबटसर पाणी पाजलं.

"काबर रोथस नोनी?" का रडतेस, पोरी, असं ती विचारत होती. "तोर घर कोन मेर हे?"

मी चारी दिशांना बोट केलं. सगळी घरं सारखीच, काय सांगणार?

ती हसली नाही. तिनं त्या रांगांकडे पाहिलं आणि मान हलवली. "मोर घर घलो इहेंच कहूँ रिहिस. महूँ ल नइ मिलय."

माझंही घर इथेच कुठेतरी होतं. मलाही सापडत नाही. तेव्हा मला वाटलं, ही पण माझ्यासारखीच चुकली आहे. तिचं गाव कारखान्याच्या जमिनीत गेलं होतं, हे नंतर कळलं. गाव उठलं, ती कुरुदला भावाच्या आसऱ्याला गेली, आणि रोज सकाळी चालत येऊन आपल्याच शिवारावर दुसऱ्यांची घरं उभारायची. तिचं नाव मानबाई.

तिनं मला कडेवर घेतलं आणि ओळी-ओळीतून हाका मारत फिरली. शेवटी एका ओळीच्या टोकाला माय दिसली. डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही, प्रत्येक दारावर थापा मारत येत होती. मला पाहिल्यावर ती आधी खाली बसली. मग ओरडली, "कुठी गेलती व? कावून गेलती?" आणि मला मारायला उचललेला हात तसाच माझ्या पाठीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मायनं पेटीतून लग्नातलं लुगडं काढलं. ते विरलं होतं, पण काठ शाबूत होता, लाल, त्यावर पिवळी नक्षी. तिनं तो काठ कापून वेगळा केला, दाराच्या चौकटीवर खिळ्यांनी ठोकला आणि मला रस्त्यापलीकडे उभं केलं.

"दिसते का?"

"दिसते."

"आता चुकशील?"

"नाई."

इतकंच करायचं होतं. पोरीला घर ओळखू यावं. शलाकाला मी हेच सांगेन की सुरुवात एका गोष्टीनं होते, आणि ती गोष्ट शोभेची नसते. शोभा मागाहून येते, पाहुण्यासारखी, आणि मग जायचं नाव काढत नाही.

कारण मायचा हात थांबला नाही. काठ दारावर लागला, तर खिडकी उघडीबोडकी दिसू लागली. खिडकीला बांगड्यांचं तोरण आलं. फुटक्या काचा चिमणीच्या ज्योतीवर धरून, वाकवून, एकात एक अडकवायच्या. बोटं पोळायची. यंत्रांच्या पेट्यांतून निघालेल्या लाकडाच्या कुरळ्या साली बाबा चुलीसाठी आणायचे. त्यातल्या लांब-लांब साली माय बाजूला काढी, कपड्याच्या रंगात बुडवी आणि त्यांची फुलं करी. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, शेजारणीनं दिलेली मोरपिसं, चहाच्या डब्यांची झाकणं, बाजारातल्या दुकानदारानं टाकलेली जुनी कॅलेंडरं. भिंतीवर एक वस्तू आली की तिच्या शेजारची जागा हात पसरून मागू लागायची.

मानबाई आता कामावरून परतताना थांबू लागली. एक दिवस तिनं पदराच्या गाठीत पांढरी माती आणली, एक दिवस गेरू, एक दिवस पिवळी माती. आमच्या ओसरीवर उकिडवी बसून तिनं दाराच्या दोन्ही अंगांना बोटांनी रेघा ओढल्या, ठिपके दिले, पक्षी काढले, एक तळं काढलं, त्यात मासोळ्या. वर तळव्याचे ठसे. काढताना ती एकदाही थांबून विचार करत नव्हती.

"मोर दुवारी म अइसनेच रिहिस," ती मायला म्हणाली. माझ्या दारावर अगदी असंच होतं.

माय तिच्याशी मराठीत बोलायची, ती मायशी छत्तीसगढीत, आणि दोघींचं कधी अडलं नाही. गावाकडे आमच्या वस्तीत कोणी दाराला रंग लावला की वरच्या आळीत बोललं जायचं. एकदा माहेरी मायच्या बापानं दार निळं केलं, तर पाटलाच्या माणसानं येऊन विचारलं होतं, एवढं काय मिळालं रे तुला? माय ते सांगायची आणि मानबाईच्या पक्ष्यांकडे बघत राहायची. इथे कोणी येऊन विचारत नव्हतं.

बाबा विचारत होते.

त्यांना मी दोष देत नाही. ते आठ तास त्या लाल उजेडासमोर उभे असत. घरी आले की बोलत नसत, ओलं फडकं डोळ्यांवर घेऊन खाटेवर पडत. फडकं वाळलं की उचलून बघत, आणि समोर चांदीचे कागद चमकताना दिसत.

"काय करून राहिली व तू हे?" एका संध्याकाळी ते म्हणाले. "डोयाले टेकाले जागा नाई ठेवली. तिकडं आग, इकडं जत्रा."

माय चुलीपाशी होती. "तुमाले दिवसभर मानसं दिसतात, मशीनी दिसतात. मले चार भिंती दिसतात. त्या बोलत नाईत. मी काय करू?"

"मले नको बोलनाऱ्या भिंती. मले गुमान पडू दे."

मी त्या वयात दोघांच्या मधे बसून भात खात होते आणि मला दोघांचंही बरोबर वाटत होतं, जे फार वाईट असतं. आता या वयात कळतं की एका घरात दोन थकवे नांदत होते. एकाला आवाजानं दमवलं होतं, एकीला शांततेनं. दोघं एकमेकांच्या औषधानं आजारी पडत होते.

वैशाखात मामाचं लग्न निघालं. बाबांना सुटी नव्हती. माय आणि मी पॅसेंजरनं गोंदियाकडे गेलो आणि लग्न, हळद, मांडव परतणी आटोपून आलो. दुर्गला उतरून टांग्यानं कॉलनीच्या तोंडाशी आलो, पुढे पायी. दुपार टळत होती. मायच्या डोक्यावर गाठोडं, माझ्या हातात लाह्या-बत्ताशांची पिशवी. आमची ओळ आली. माय चालत राहिली. मीही चालत राहिले. ओळ संपली.

माय थबकली. मागे वळली. पुन्हा एकेक दार बघत आली. एका दारापाशी बाबांची चप्पल होती. बाबा ओसरीवर बसले होते, हातांना चुना वाळलेला.

काठ नव्हता. पक्षी नव्हते. तळं नव्हतं. आत गेलो तर चारी भिंती पांढऱ्या, ओल्या चुन्याचा वास, आणि कोपऱ्यात एका गोणीत सगळं भरून ठेवलेलं. काहीच फेकलं नव्हतं. तोरणंसुद्धा कागदात गुंडाळून ठेवली होती.

मायनं गाठोडं खाली ठेवलं नाही. डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. मला वाटलं आता ती ओरडेल, किंवा उलट पावली स्टेशनाकडे निघेल. तिची नजर खरंच एकदा दाराबाहेर गेली.

"सुदाम गेला," बाबा म्हणाले.

सुदामकाका बाबांच्या गावचे, लहानपणापासूनचे सोबती. दोघं एकाच गाडीनं भिलाईला आले होते. काका अजून कॅम्पातच राहायचे. त्यांना ऊन लागलं, सकाळी ताप भरला आणि दिवस मावळायच्या आत सगळं संपलं.

"माती देऊन आलो," बाबा सांगत होते, मायकडे न बघता. "घरी आलो तं दारावर तो लाल काठ. आत सगळं चमकून राहिलं. मले वाटलं, मी मित्राले मातीत ठेवून आलो अन् माह्या घरी लगन हाय. मले नाई पाहवलं ते. सकाय होईपर्यंत बसलो अन् मंग चुना भिजवला."

त्यांनी हात पुढे केले, चुन्यानं फुटलेले. माय आता खाली बसली. तिनं डब्यातलं गोडेतेल काढलं आणि त्यांच्या बोटांना लावू लागली. ती रडत होती, सुदामकाकांसाठी की भिंतींसाठी, ते मी कधी विचारलं नाही. दोन्हींसाठी असावं.

मानबाई दोन दिवसांनी आली. ती दारापाशी थांबली, जिथे तिचं तळं होतं तिथे तळवा टेकवला. तळव्याला चुना लागला. तो तिनं लुगड्याला पुसला.

"बने पोताय हे," ती म्हणाली. छान चुना दिलाय. आणि वळून गेली. पुन्हा यायची बंद झाली.

बाबांनी विचारलं, ती बाई असं का गेली? तेव्हा मायनं सांगितलं. तो दरवाजा आपला नव्हता. तिचं गाव, तिचं घर, तिचं दार आता कुठेच उरलं नव्हतं, फक्त आपल्या ओसरीवर होतं. बाबा उठून ओसरीवर गेले आणि अंधार पडेपर्यंत त्या दाराशी बसले. घर हरवलेल्या माणसाचं घर आपण आपल्या हातानं दुसऱ्यांदा पुसलं, हे त्यांना समजायला तो वेळ लागला असेल. पुढच्या सुटीच्या दिवशी, मरणाच्या उन्हात, ते सायकल घेऊन कुरुदला गेले. मी दांडीवर बसले होते. मानबाई आंब्याखाली महुआ, म्हणजे मोहाची फुलं, निवडत होती.

बाबांना छत्तीसगढी धड येत नव्हती. "बाई," ते हिंदी-मराठी मिसळून म्हणाले, "मुझे मालूम नहीं था. माह्याकडून चूक झाली. आप फिरसे बनाओ."

मानबाईनं त्यांना पाणी दिलं, मला महुआचं फूल दिलं. आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. "मोर हाथ अब नइ चलय," ती म्हणाली. मग बाबांचा चेहरा पाहून थोडी नरमली. "तोर बाई बनाही. मैं देखहूँ." तुझी बायको काढेल. मी बघेन.

तसंच झालं. माय काढायची, मानबाई ओसरीच्या कडेला बसून बघायची. पक्षी चुकला की "ऊंहूं" म्हणायची. मायची रेघ वाकडी जायची, आणि तळ्यातल्या मासोळ्या थोड्या आमच्या गावच्या बोडीतल्या, छोट्या तळ्यातल्यासारख्या झाल्या. मानबाईनं त्या चालवून घेतल्या. शेवटी तिनं उठून फक्त तळव्याचा एक ठसा दिला.

आतल्या खोलीत मायनं गोणी सोडली. तोरणं वर गेली, फुलं गेली, कॅलेंडरं गेली. बाबांच्या खाटेसमोरच्या भिंतीशी ती खिळा घेऊन आली आणि थांबली.

"हे भिंत तुमची," ती म्हणाली. "हिले मी हात नाई लावत."

बाबांनी मान हलवली. त्या दिवसापासून आतल्या खोलीत तीन भिंती बोलत होत्या आणि एक गप्प बसत होती. शेजारच्या बायका येऊन विचारायच्या, ही कावून कोरी राहिली? माय सांगायची, ही भरलेलीच आहे, तुमाले दिसत नाई.

पुढे सिविक सेंटर गजबजलं, दुकानांतून प्लॅस्टिकची फुलं मिळू लागली, नंदिनी नगरच्या खाणीकडे राहणाऱ्या आमच्या नातलगांनी मायचं बघून आपली घरं भरली. लोक दिवाळीला आमचं घर पाहायला यायचे. मी लग्न होऊन गेले, माझीही भिंत भरली, आणि दर उन्हाळ्यात ती पुसताना मी दमत गेले. कधीकधी वाटतं, सगळं उतरवावं आणि बाबांसारखं एका पांढऱ्या भिंतीसमोर पडून राहावं. भरलेलं घर सांभाळायला माणूस लागतं, हे कोणी सुरुवातीला सांगत नाही. शलाकालाही मी सांगेन की नाही, ठाऊक नाही.

त्या उन्हाळ्याचं एक सांगायचं राहिलं. ज्येष्ठ लागला होता. सुदामकाकांची बायको, आम्ही तिला काकू म्हणायचो, कॅम्प सोडून गावी परत निघाली होती. निरोप घ्यायला आली तेव्हा तिच्या हातात एक खंजिरी होती. काका गाणारे होते. कॅम्पात रविवारी चार माणसं जमली की खंजिरी घेऊन बसायचे, आणि बाबा मागून सूर धरायचे. बाबा गातात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"भाऊ, हे तुमी ठेवा," काकू म्हणाली. "मह्याजवळ नाई राहवत. जराशी हालली की तेच आल्यासारखे वाटतात."

ती गेल्यावर बाबांनी खंजिरी मांडीवर घेऊन बोटानं तिचं कातडं चाचपलं. वाजवली नाही. मग उठले, मायच्या डब्यातून खिळा घेतला आणि आपल्या भिंतीवर, मधोमध, ठोकला. खंजिरी अडकवून ते खाटेवर आडवे झाले. डोळ्यांवर फडकं घेतलं नाही.

बाहेर वारा होता. दार हललं की खंजिरीच्या चकत्या किणकिणायच्या. बाबा पाळीवरून आलेले, झोपेची वेळ. माय दोनदा दारापाशी गेली, कडी लावून पाहिली, तरी फटीतून वारा येतच होता. शेवटी ती कापडाची पट्टी घेऊन खाटेपाशी आली.

"बांधून देऊ का?" तिनं हळूच विचारलं. "वाजते. तुमाले झोप नाई लागाची."

बाबा भिंतीकडे बघत होते.

"वाजू दे," ते म्हणाले.